बायबलमध्ये अनंत यातनांचा नरक खरंच आहे का?

कोरा_कागद (धागाकर्ता)

बायबल नुकतंच सलग वाचून संपवलं, उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत. मी श्रद्धाळू नाही, आणि खिल्ली उडवायलाही आलेलो नाही. 'पाप्यांना नरकात कायमचं जाळतील' हे पानोपानी असेल अशी माझी समजूत होती. शोधायला गेलो तर हाती फार थोडं लागलं.

जुन्या करारात आहे तो शिओल, मराठी बायबलात 'अधोलोक'. मूळ हिब्रूत हा शब्द ६५ वेळा येतो आणि तिथे सगळेच जातात, बरेही आणि वाईटही. योसेफ मेला असं समजून याकोब म्हणतो, मी शोक करत मुलाकडे अधोलोकात जाईन. गांजलेला ईयोब तर देवाला विनवतो की राग ओसरेपर्यंत मला तिथे लपवून ठेव. जिथे लपून बसावंसं वाटतं ती यातनांची जागा कशी? 'उपदेशक' या पुस्तकाच्या लेखी तिथे काम नाही, विचार नाही, ज्ञान नाही. मात्र १६११ च्या किंग जेम्स इंग्रजी भाषांतरात याच एका शब्दाचं ३१ ठिकाणी 'हेल', ३१ ठिकाणी 'ग्रेव्ह' आणि ३ ठिकाणी 'पिट' झालं. याकोब जाणार असेल तर कबर, दुष्ट जाणार असतील तर नरक!

नव्या करारात 'गेहेन्ना' येतो (मराठी बायबलात 'नरक'), एकूण १२ वेळा. पौलाच्या पत्रांत एकदाही नाही. प्रेषितांच्या कृत्यांमधल्या प्रवचनांतही नाही. ज्यावर माणसाचं सगळं पुढचं अवलंबून, तेच सांगायला पहिले प्रचारक विसरले?

माझं मत: निवाडा आहे, नाश आहे. कधीच न संपणारा छळ नाही. 'पापाचे वेतन मरण आहे' असं रोमकरांस पत्रात सरळ लिहिलंय. मरण म्हणजे मरण.

सांजदिवा

असहमत. १२ पैकी ११ वेळा हा शब्द खुद्द येशूच्या तोंडी आहे, ते तुम्ही सोयीस्कर गाळलंत. ज्याच्या शब्दाला ख्रिस्ती माणूस सगळ्यात जास्त मान देतो, तोच याबद्दल सगळ्यात जास्त बोलतो. याला 'फार थोडं' म्हणायचं?

मत्तय २५:४६ उघडा. एक गट सार्वकालिक शिक्षेत जातो, दुसरा सार्वकालिक जीवनात. एकच वाक्य, एकच विशेषण. जीवन कधी न संपणारं आणि शिक्षा मात्र तात्पुरती, असं एका शब्दाचे दोन तुकडे करून चालणार नाही. हे ऑगस्टिन या ख्रिस्ती धर्मपंडिताने पाचव्या शतकातच सांगून ठेवलंय.

आणि पौलाने शब्द वापरला नाही म्हणून कल्पनाही नाही, हे कुठलं तर्कशास्त्र? थेस्सलनीकाकरांस दुसऱ्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात तो 'युगानुयुगाचा नाश' म्हणतो.

ठिणगी

अहो, गेहेन्ना म्हणजे यरुशलेमचा उकिरडा! तिथे कचरा आणि बेवारस प्रेतं सतत जळत असायची. येशू लोकांना तेच दाखवत होता. एवढ्यावरून नरक उभा केला लोकांनी. बाकी चालू द्या.

जुनी_वही

@ठिणगी, ही उकिरड्याची गोष्ट सगळे सांगतात, पण तिला आधार दाखवा. ती आपल्याला सापडते ती साधारण इसवी सन १२०० च्या सुमारास दाविद किम्ही या यहूदी भाष्यकाराकडे, म्हणजे येशूनंतर हजाराहून जास्त वर्षांनी. तिथे तसा जळता उकिरडा होता असा उत्खननातला पुरावा नाही.

खरी गोष्ट जास्त भयानक आहे. गेहेन्ना म्हणजे हिन्नोमाचं खोरं, यरुशलेमच्या दक्षिणेला. तिथे तोफेत नावाच्या ठिकाणी आईबाप पोटची मुलं मोलख या दैवतासाठी अग्नीत होमायचे. योशीया राजाने ती जागा विटाळून टाकली (२ राजे २३). संदेष्टा यिर्मया बजावतो की या खोऱ्याला लोक 'वधाचं खोरं' म्हणतील, पुरायला जागा उरणार नाही. येशूच्या श्रोत्यांना त्या नावाबरोबर हे सगळं आठवत असणार. त्यापुढे कचरा म्हणजे काहीच नाही.

अवांतर: मराठी भाषांतरकारांचं कौतुक करायला हवं. शिओल आणि त्याचा ग्रीक प्रतिशब्द हेडीज यांना 'अधोलोक', गेहेन्नाला 'नरक', असा फरक त्यांनी ठेवला. पंचाईत वेगळीच. आपल्या कानाला पुराणांतला नरक परिचयाचा, आणि तो मुदतीचा: भोग संपले की सुटका, पुन्हा जन्म. त्यामुळे 'सार्वकालिक नरक' आपल्याला ऐकायलाच चमत्कारिक वाटतो.

कोरा_कागद

@जुनी_वही, उकिरडा मीही खरा धरून चाललो होतो. धन्यवाद.

@सांजदिवा, ११ वेळा येशूच्या तोंडी, मान्य. पण तो बोलतो काय? मत्तय १०:२८: आत्मा आणि शरीर दोन्हींचा गेहेन्नात *नाश* करणाऱ्याला भ्या. नाश झाल्यावर छळायला उरतं कोण?

मार्क ९ मधला न मरणारा किडा आणि न विझणारा अग्नी हे यशयाच्या ग्रंथाचं शेवटचं वाक्य आहे (६६:२४). तिथे लोक बाहेर जाऊन *प्रेतं* पाहतात. किडा मरत नाही, माणूस मेलेलाच आहे. यहूदाच्या पत्रात देवाने भस्म केलेल्या सदोम नगराला 'सार्वकालिक अग्नीचं' उदाहरण म्हटलंय. सदोम आज जळतंय का? अग्नीचा परिणाम कायमचा, जळणं नव्हे. शिक्षा सार्वकालिक हेही मला त्याच अर्थाने पटतं: कायमचं नष्ट होणं. विशेषणाचे तुकडे करायची गरजच नाही.

सांजदिवा

यशयात प्रेतं आहेत, बरोबर. पण येशूच्या काळापर्यंत यहूदी लोक ते वाक्य कसं वाचत होते? यूदीथच्या ग्रंथाचा शेवट पाहा (१६:१७): देव त्यांच्या देहात अग्नी आणि किडे घालेल आणि ते वेदनेने सर्वकाळ रडतील. प्रेतं रडत नाहीत. प्रोटेस्टंट बायबलात हा ग्रंथ नाही, पण येशूच्या आधीच्या काळातला पुरावा म्हणून तो नाकारता येत नाही. दाताला दात लावून रडणारी माणसं तर मत्तयात पुन्हापुन्हा भेटतात.

शिवाय लूक १६. श्रीमंत माणूस अधोलोकात ज्वाळेत तळमळतोय, भिकारी लाजराने बोट बुडवून जिभेवर थेंबभर पाणी टाकावं म्हणून विनवतोय.

ठिणगी

तो दाखला आहे हो. दाखल्यातून भूगोल काढायचा नसतो. लोकांच्या डोक्यातला नरक इटालियन कवी डान्टेचा आहे, बायबलचा नाही.

सांजदिवा

डान्टेच्या नरकाच्या तळाशी गोठलेलं सरोवर आहे, आग नाही. निदान तो तरी वाचा.

पैलतीर

दोघेही एक तिसरी बाजू विसरताय. 'सार्वकालिक' ज्याचं भाषांतर आहे तो ग्रीक शब्द 'आयोनिओस', म्हणजे युगाचा, युगाशी निगडित. रोमकरांस १६:२५ मध्ये हेच विशेषण ज्या काळाला लागलंय तो काळ *संपलाय*: तेव्हा गुप्त असलेलं रहस्य आता प्रकट झालं. पुढच्याच ओळीत तेच विशेषण देवाला. म्हणजे एका परिच्छेदात एकच शब्द दोन मापांनी वापरता येतो. ऑगस्टिनचा मुद्दा दिसतो तितका पक्का नाही.

मग १ करिंथकरांस १५:२२: आदामामध्ये जसे सर्व मरतात, तसे ख्रिस्तामध्ये सर्व जिवंत केले जातील. चौथ्या शतकातल्या निस्साच्या ग्रेगरीला शेवटी सर्वांचं शुद्धीकरण होऊन सुटका होईल असं वाटायचं, आणि चर्च त्याला संत मानतं. त्याची मातृभाषा ग्रीक होती. ऑगस्टिनचं ग्रीक यथातथाच, हे तो स्वतःच कबूल करतो.

सांजदिवा

आणि सर्वांची सुटका होईल असंच मानणाऱ्या ऑरिजेनचं काय झालं? ५५३ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेत पाखंड्यांच्या यादीत त्याचं नाव आलं. ग्रीक त्याचंही चांगलं होतं!

करिंथकरांसमधलं पुढचं वाक्यही द्या की: 'जे ख्रिस्ताचे आहेत ते'. *सर्व* कोण, हे पौल तिथेच सांगतो.

जुनी_वही

@कोरा_कागद, तुम्ही एका वचनाला बगल देताय. प्रकटीकरण २०:१०. सैतान, श्वापद आणि खोटा संदेष्टा यांना 'रात्रंदिवस युगानुयुग' पीडा. याचं 'नाश' असं भाषांतर कुठल्याही कसरतीने होत नाही.

कोरा_कागद

होत नाही. ते वचन माझ्या विरोधात आहे, मान्य करतो. १४:११ मधला सदैव वर चढणारा धूर यशया ३४ मधल्या जळत्या अदोम देशाच्या धुरावरून आलाय, तो मी समजून घेऊ शकतो. २०:१० अडतं.

पण चारच ओळी पुढे पाहा. मृत्यू आणि अधोलोक यांनाच अग्नीच्या सरोवरात टाकलं जातं. मृत्यूला यातना होतात का? तो संपतो. आणि त्याला नाव काय दिलंय? 'दुसरं मरण'. माणसं जातात ती १५ व्या ओळीत, त्या मरणात. आणि अधोलोकच संपणार असेल तर लूकमधल्या श्रीमंताची जागाही कायमची नव्हे, वाट पाहायची आहे.

सांजदिवा

लूकचा मुद्दा चांगला आहे, तो मी मागे घेते. पण मग २२:१५ वाचा. सगळा निवाडा उरकलाय, नवं यरुशलेम उतरलंय, आणि खुनी, मूर्तिपूजक, लबाड *बाहेर* आहेत. बाहेर असायला आधी असावं लागतं.

पैलतीर

आणि २१:२५. त्या नगराच्या वेशी कधी बंद होत नाहीत.

सांजदिवा

दोनच ओळी खाली या. २१:२७. अशुद्ध काहीही आत जाणार नाही.