बावन्नाव्या वर्षी लग्न: नुसती सोबत पुरेशी नाही का?

नेरूळवासी (धागाकर्ती): पती जाऊन अकरा वर्षे झाली. ‘सोबत हवी, पण लग्न कशाला?’ असे मी मैत्रिणींना अनेकदा ठासून सांगितले आहे आणि ते मनापासून सांगितले होते, कारण पुन्हा कुणाची पत्नी झाल्यावर सासूबाईंची सून राहता येईल का, या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. ज्यांच्याशी मी आता लग्न करणार आहे, ते गृहस्थ सहा वर्षांपासून दर शनिवारी ठाण्याहून ट्रान्सहार्बर लोकलने येतात आणि सोसायटीच्या फाटकावरील वहीत ‘पाहुणे’ असे लिहून वर येतात. मागच्या पावसाळ्यात सासूबाई घसरून पडल्या तेव्हा त्यांना उचलून रिक्षात बसवणारा माणूसही त्या दिवशीच्या वहीत पाहुणाच होता. तेव्हापासून ते ‘पाहुणे’ लिहिणे मला सहन होईना. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली आम्ही लग्नाची नोटीस दिली असून तिची ३० दिवसांची मुदत चालू आहे. ‘या वयात?’ हा प्रश्न नातेवाइकांत फिरतो आहे.

वाशीकर: तुमच्या सोबतीला माझा मुळीच विरोध नाही, लग्नाला आहे. उद्या मृत्युपत्राविना तुमचे काही बरेवाईट झाले, तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे तुमच्या हिश्श्यात मुलीबरोबर नवे पतीही वाटेकरी होतील. दिवंगत पतीने घेतलेल्या घराबाबत हे मुलीला रुचेल का?

कोलशेतकर: महर्षी कर्वे यांनी १८९३ मध्ये गोदूबाई या विधवेशी विवाह केला, तेव्हा मुरूड या त्यांच्या गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला होता. तुम्हाला तर केवळ कुजबुज सोसायची आहे.

वाशीकर: तो दाखला येथे लागू पडत नाही. गोदूबाई बालविधवा होत्या आणि त्या काळात विवाहाखेरीज सहजीवनाचा दुसरा मार्गच नव्हता. येथे तो आहे आणि सहा वर्षे चालला आहे.

नेरूळवासी: चालला, पण माझ्या खोटे बोलण्यावर, शेजाऱ्यांना मी त्यांची ओळख ‘ह्यांचे मित्र’ अशी करून देत आले. घराविषयीची शंका मात्र रास्त आहे. त्यात सासूबाई, मुलगी आणि मी अशा तिघींचे समान हिस्से आहेत आणि माझ्या हिश्श्याचे मृत्युपत्र मी मुलीच्या नावे नोंदवले आहे. सासूबाई नोटिशीचे कळल्यावर दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी एवढेच विचारले, ‘ते इथे येणार, की तू तिकडे जाणार?’ ते येथे येणार आहेत, असे मी सांगितले. त्या गप्प राहिल्या. त्या मौनाला मी संमती मानत नाही, तरीही नोटीस मागे घेणार नाही.