मदत हवी आहे: प्लास्टिकच्या झाकणावर चित्र उतरवलं की सोलून निघतंय

संक्रांतीच्या वाणासाठी ४० डब्या आहेत. झाकण गडद निळं, ८ सेंमी व्यासाचं. त्यावर ५ सेंमीचा पैठणीचा मोर हवा आहे. साध्या कागदावर इंकजेट प्रिंट काढून पांढऱ्या गोंदाने पालथी चिकटवली, रात्रभर वाळवली, ओल्या बोटाने कागद चोळला. एमडीएफच्या (लाकडाच्या भुश्याच्या दाबलेल्या फळीच्या) तुकड्यावर शाई पसरली. झाकणावरून तर गोंदासकट अख्खा पापुद्रा निघाला. कुठे चुकतंय?

कातरकाम:
दोन वेगळ्या चुका आहेत. इंकजेटची शाई बहुधा पाण्यात विरघळते, म्हणून कागद चोळताना तीही जाते. या पद्धतीला लेझर प्रिंट किंवा झेरॉक्सच लागते. टोनर म्हणजे उष्णतेने कागदावर वितळवलेली प्लास्टिकची पूड, तिला पाण्याने काही होत नाही.

दुसरी चूक पृष्ठभागाची. लाकूड गोंदातलं पाणी पितं, प्लास्टिक पीत नाही. डबी उलटून त्रिकोणातला आकडा बघा. २, ४ किंवा ५ असेल तर ते मेणचट प्लास्टिक, त्यावर गोंद आणि रंग दोन्ही धरत नाहीत.

प्रश्नकर्ती:
डबी आणि झाकण दोन्हींवर ५ आहे.

कातरकाम:
म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. मोटारींचे बंपरही बहुतेक याचेच असतात, त्यामुळे मोटारीच्या रंगाच्या दुकानात प्लास्टिक प्रायमरचा (रंग धरावा म्हणून आधी मारायच्या थराचा) स्प्रे मागा. बाटलीवर पॉलिप्रॉपिलीनचा उल्लेख आहे ना, ते वाचून घ्या. झाकण भांड्याच्या साबणाने धुऊन ४०० नंबरच्या वॉटर पेपरने (पाण्यात भिजवून वापरायच्या पॉलिश पेपरने) चकाकी जाईपर्यंत घासा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, मग प्रायमरचा एकच पातळ हात. आधी एकाच झाकणावर करून बघा: वाळल्यावर सेलोटेप दाबून झटक्यात ओढा. थर टेपबरोबर आला तर बाकीच्या ३९ झाकणांना हात लावू नका.

चित्रासाठी इंकजेटचा वॉटरस्लाइड डेकल पेपर घ्या (यावर छापलेलं चित्र पाण्यात भिजवलं की पातळ पापुद्र्यासारखं कागदावरून सरकतं), आणि तो पांढराच. घरचा प्रिंटर पांढरा रंग छापत नाही; पारदर्शक डेकलवर मोराचा पांढरा भाग निळाच दिसेल. ए४ वर ५.५ सेंमीच्या घरात १५ मोर बसतात, तीन कागदांत ४५. पाच जादा लागतातच. चित्र सरळ छापा, पालथं नाही.

छापलेला कागद अर्धा तास वाळवून त्यावर पारदर्शक अ‍ॅक्रिलिक स्प्रेचे तीन हलके हात, दर वेळी १५ मिनिटं थांबून. पहिलाच हात जाड बसला की शाई वाहते. रात्रभर ठेवा. मग कडेच्या रेषेवर कापा, नाहीतर पांढरी किनार दिसते. कोमट पाण्यात ३० ते ६० सेकंद बुडवा, चित्र बोटाने सरकू लागलं की प्रायमर लावलेल्या ओल्या झाकणावर सरकवा. मऊ कापडाने मधून कडेकडे पाणी काढा. बुडबुडा राहिलाच तर टाचणीने टोचून पाण्याचा थेंब सोडा आणि दाबा. दुसऱ्या दिवशी वरून वॉर्निशचा एक हात.

रंगपेटी:
एक भर. नेलपॉलिश रिमूव्हरने पुसू नका. ५ नंबरला फारसं होत नाही, पण अ‍ॅक्रिलिक आणि ६ नंबरचं पॉलिस्टायरीन अ‍ॅसिटोनने विरघळतं, काच धुरकट व्हावी तसं दिसतं. आणि हे सगळं झाकणाच्या बाहेरूनच. आत तिळगूळ राहणार आहे.

प्रश्नकर्ती:
एमडीएफवर झेरॉक्स घेऊन केलं तर मोर छान उतरला, पण वाळल्यावर वर पांढुरकी साय येते.

कातरकाम:
ते कागदाचे राहिलेले तंतू. ओल्या स्पंजने पुन्हा हलकेच चोळा, पूर्ण वाळू द्या, आणखी एकदा चोळा. जोर लावलात तर टोनरच सुटेल. उरलेली साय वॉर्निश लावल्यावर पारदर्शक होते.