बॅटऱ्या फोडण्याच्या जुन्या आवारातली शिसेयुक्त माती : सिमेंट, फॉस्फेट की खोदकाम?

मातीमोल (प्रश्न)
लेड-ॲसिड बॅटऱ्या फोडण्याचं बंद पडलेलं आवार आहे, क्षेत्र साधारण 2000 चौ.मी. वरच्या 30 सेंमी. थरात शिसं 3000 ते 9000 मि.ग्रॅ./किलो, 60 सेंमी. खोलीवर 400 च्या आत. सामू (पीएच) 4.2. बॅटऱ्यांच्या काळ्या केसिंगचे तुकडे जागोजागी. भूजल 4 मीटरवर. पुढे तिथे गोदाम बांधायचंय. ठेकेदार म्हणतो, 15 टक्के सिमेंट मिसळतो, वर स्लॅब टाकतो, टीसीएलपी (मातीतून विषारी धातू किती पाझरतात ते बघणारी चाचणी) पास करून देतो. दुसरा सल्ला, सगळी माती उचलून घातक कचऱ्याच्या भरावक्षेत्रात पाठवा. फॉस्फेट मिसळून शिसं मातीतच बांधून ठेवतात, असंही ऐकलंय. यातलं काय टिकेल? आकडे हातातल्या एक्सआरएफ यंत्राचे (क्ष-किरणांनी धातू मोजणाऱ्या) आहेत.

सामूसात
15 टक्के सिमेंटला आधी नाही म्हणा. शिसं आम्लात विरघळतं तसंच तीव्र अल्कलीतही विरघळतं. सर्वांत कमी विरघळतं ते साधारण 9 ते 10.5 सामूला. एवढ्या सिमेंटने मातीचा सामू 12 च्या वर जाईल. मग टीसीएलपी पास कशी होते? त्या चाचणीत 1 भाग मातीला 20 भाग ॲसेटिक आम्लाचं द्रावण घालून 18 तास घुसळतात. आम्ल सिमेंटची बरीच अल्कली खाऊन टाकतं, अर्काचा सामू नेमका सोयीच्या पट्ट्यात येतो आणि शिसं 5 मि.ग्रॅ./लिटरच्या मर्यादेखाली दिसतं. जागेवर मात्र मुरणार पावसाचं पाणी, ॲसेटिक आम्ल नव्हे. म्हणून त्याच नमुन्याची साध्या पाण्याने निक्षालन चाचणी (पाण्यात किती शिसं झिरपतं ती) मागा आणि अर्काचा सामूही नोंदवायला सांगा. ठेकेदार टाळाटाळ करू लागला तर काय समजायचं ते समजा.

दुसरी अडचण बॅटरीच्या आम्लाची. मातीत सल्फेट मुबलक असणार. सिमेंटमधल्या ॲल्युमिनेटशी त्याची क्रिया होऊन एट्रिंगाइट नावाचं खनिज तयार होतं, ते फुगतं आणि वरचा स्लॅब उचलून धरतं. गोदामाच्या फरशीखाली हे नकोच. अल्कली हवीच असेल तर मॅग्नेशियम ऑक्साइड बघा. जास्त पडलं तरी सामू साधारण 10 च्या आसपासच राहतो.

चाळणवाला
त्याआधी आकडे तपासा. एक्सआरएफचे किरण मातीत जेमतेम काही मिलीमीटर शिरतात, आणि ओलावा 20 टक्क्यांच्या वर असला की वाचन कमी येतं. माती वाळवा, चाळा, पिशवीत भरून तीन-चार ठिकाणी वाचा. दहातला एक तरी नमुना प्रयोगशाळेत आम्लपचन करून (आम्लात विरघळवून) पडताळा. हाताला चिकटून पोटात जाणाऱ्या मातीचा अंदाज हवा असेल तर 150 मायक्रॉनची चाळणी लावा. यंत्रावरच्या आर्सेनिकच्या आकड्यावर विसंबू नका, त्याची मुख्य रेषा शिशाच्या रेषेवरच पडते.

अशा आवारात धातूचे कणही असतात. एक कण नमुन्यात आला की आकडा उडतो, नाही आला की सगळं आलबेल वाटतं. एकेका खड्ड्यातून एकेक नमुना घेण्यापेक्षा प्रत्येक पट्ट्यातून 30 चिमट्या गोळा करून एक मिश्र नमुना करा.

फॉस्फरी
फॉस्फेट चालेल, पण हिशेब करून. फॉस्फेटमुळे शिशाचं क्लोरोपायरोमॉर्फाइट हे जवळजवळ न विरघळणारं खनिज बनतं, त्यात शिशाच्या 5 अणूंना फॉस्फरसचे 3 अणू लागतात. सरासरी 6000 मि.ग्रॅ./किलो धरली तर टनामागे 6 किलो शिसं, म्हणजे कागदावर 0.54 किलो फॉस्फरस, म्हणजे सुमारे 2.7 किलो ट्रिपल सुपर फॉस्फेट. प्रत्यक्षात लोह, ॲल्युमिनियम आणि कॅल्शियम वाटा पळवतात. बादलीभर मातीवर 0.5, 1 आणि 2 टक्के फॉस्फरस असे तीन डोस करून बघा. 1 टक्का म्हणजे टनाला जवळपास 50 किलो खत!

तुमचा सामू 4.2 इथे उपयोगी आहे, कारण शिसं विरघळलेलं असेल तर पायरोमॉर्फाइट लवकर तयार होतं. म्हणून आधी फॉस्फेट, ओलावा राखून काही आठवडे मुरू द्या, मग चुना किंवा मॅग्नेशियम ऑक्साइडने सामू 7-8 वर आणा. चुना आधी टाकला तर शिसं कार्बोनेटमध्ये अडकतं आणि क्रिया रेंगाळते.

आता खरा धोका. जुन्या बॅटऱ्यांमधल्या शिशाच्या जाळ्यांत अँटिमनी असे, सोबत आर्सेनिकही. फॉस्फेट त्यांना मातीच्या कणांवरून ढकलून पाण्यात सोडतं. अर्कात फक्त शिसं मोजलं तर हे कळणारच नाही.

मातीमोल
म्हणजे क्रम कसा लावू? आणि सूर्यफूल, मोहरी लावून शिसं ओढून घेता येतं म्हणतात, त्यात अर्थ आहे?

सामूसात
या पातळीला नाही. शिसं मुळापाशीच अडून बसतं. ते वर चढावं म्हणून ईडीटीए (धातूला धरून विरघळवणारं रसायन) घातलं तर झाडाआधी भूजलात पोचेल.

चाळणवाला
क्रमाबाबत. 2000 चौ.मी. गुणिले 0.3 म्हणजे 600 घ.मी., जवळपास 1000 टन. खोदल्यावर फुगून 750 घ.मी.च्या आसपास होईल, ट्रक त्या हिशेबाने सांगा. आधी 50 आणि 10 मि.मी. जाळीतून चाळा. केसिंग आणि धातू वेगळा निघाला की उरलेल्याचे आकडे बरेच शहाणे होतात. सर्वांत जास्त शिसं असलेले पट्टे थेट भरावक्षेत्राकडे, तिथेही स्थिरीकरण (शिसं पाझरणार नाही असं बांधणं) करूनच घेतात. बाकीच्यावर फॉस्फेट, पण पगमिल या मिसळयंत्रातून. पोकलेनच्या बकेटने ढवळलं तर एक गोळा पांढरा, शेजारचा कोरडा, आणि चाचणीत निम्मे नमुने नापास. माती धुण्याच्या भानगडीत पडू नका. बारीक कण जास्त असतील तर शिसं सगळं गाळात जमतं आणि तोच गाळ परत तुमच्या गळ्यात.

स्थिर केलेल्या मातीतलं एकूण शिसं तेवढंच राहतं, त्यामुळे वर रंगीत जिओटेक्स्टाइल (जमिनीत अंथरायचं कापड), त्यावर स्वच्छ भराव आणि मग स्लॅब. पाइप टाकायला कुणी पुढे खणलं तर रंग दिसला पाहिजे. खड्ड्याच्या तळाचे आणि चारही भिंतींचे नमुने हाती आल्याशिवाय भराव करू नका.

फॉस्फरी
काम सुरू होण्याआधी मजुरांच्या रक्तातलं शिसं मोजून घ्या, नंतरच्या आकड्याला तुलना उरत नाही. पी100 गाळणीचे (अतिबारीक धूळ अडवणारे) मास्क, कामाचे कपडे आवारातच धुवायचे, खाणं-विडी बाहेर. धुळीवर पाणी मारा, पण वाहून जाईल इतकं नको. ट्रकची चाकं धुतलेलं पाणी टाकीत साठवा आणि तपासूनच सोडा.