घरखरेदीच्या टीडीएसचा फॉर्म २६क्यूबी उशिरा भरल्याची १९,४७५ रुपयांची नोटीस, काही कमी होईल का?

डोंबिवलीचा_माजी_भाडेकरू (१२ जानेवारी २०२४)

नमस्कार मंडळी. ऑगस्टमध्ये डोंबिवलीत रीसेलचा फ्लॅट घेतला, ५८ लाखांना. विकणारे काका निवृत्त होऊन सावंतवाडीला गेले. १८ मेला टोकन म्हणून एक लाख दिले, विसारपावती केली. २१ ऑगस्टला रजिस्ट्रेशन झालं, त्याच दिवशी बाकीचे ५७ लाख दिले, त्यातले बरेचसे कर्जाचे. एक टक्का टीडीएस, म्हणजे विकणाऱ्याच्या पॅनवर जमा होणारा आयकर, घेणाऱ्याने पैसे देतानाच कापून भरायचा असतो, हे एजंटने सांगितलं रजिस्ट्रेशनच्या आदल्या रात्री, तेही जाता जाता. दोन टक्के दलाली मात्र पहिल्या भेटीतच सांगून झाली होती.

तर ५७,००० कापले आणि १४ सप्टेंबरला नेट बँकिंगवरून २६क्यूबी भरला. विषय संपला म्हणून फाईल माळ्यावर टाकली. परवा गाझियाबादच्या टीडीएस सीपीसीचा (आयकर खात्याचं टीडीएस तपासणारं केंद्र) ईमेल आला: कलम २३४ई खाली लेट फी १५,२०० आणि व्याज ४,२७५. अहो, पैसे कापल्यापासून चोविसाव्या दिवशी भरलेत मी! ओट्याच्या ग्रॅनाइटसाठी बाजूला ठेवलेले पैसे आहेत हे. माफीचा अर्ज कुठे आणि कोणाला करायचा?

पक्का_कोकणी

आयकर आयुक्तांना साधं पत्र लिहा. पहिल्यांदा घर घेतोय, माहिती नव्हती, मुद्दाम केलं नाही. दंड माफ करायचा अधिकार असतो त्यांना.

नाशिकची_मी

दादा, मी ते पत्र लिहून बसलेय. आमचा फ्लॅट नवऱ्याच्या आणि माझ्या नावावर, म्हणून दोघांचे वेगळे फॉर्म. दोन्हींना ४३ दिवस उशीर. दिवसाला २०० प्रमाणे प्रत्येकी ८,६०० म्हणजे १७,२०० गेले. आमचा उशीर खराच होता, त्यामुळे भांडायला जागा नव्हती. व्याज वेगळं.

हिशेबनीस_काका

पक्का कोकणी, तुमचा सल्ला मनापासूनचा आहे, पण इथे लागू पडत नाही. २३४ईची रक्कम कायद्याने दंड नाही, फी आहे. दंडाच्या काही कलमांत ‘वाजवी कारण’ दाखवून सुटता येतं, काहींत आयुक्त माफीही देऊ शकतात. या फीला त्यातलं काहीच नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ साली ही फी वैध ठरवलेली आहे. दयेचा अर्ज करून शाई फुकट घालवू नका.

पण भाडेकरूसाहेब, मला तुमच्या आकड्यांतच गंमत दिसतेय. १५,२०० भागिले २०० म्हणजे ७६ दिवस. १४ सप्टेंबरपासून ७६ दिवस मागे मोजा, १ जुलै येतो. म्हणजे सीपीसीने तुमची मुदत ३० जून धरलीय. मुदत असते कापल्याचा महिना संपल्यापासून ३० दिवस. याचा अर्थ फॉर्ममध्ये कापल्याचा महिना मे पडलाय. व्याजही तेच सांगतं: मे ते सप्टेंबर पाच महिने, दीड टक्क्याने साडेसात टक्के, ५७,००० वर बरोबर ४,२७५.

पेमेंटच्या तारखेच्या रकान्यात काय भरलंत? माळ्यावरून फाईल काढा.

डोंबिवलीचा_माजी_भाडेकरू

काढली. १८/०५/२०२३. दोन्ही रकान्यांत, पेमेंटच्याही आणि टीडीएस कापल्याच्याही. एजंट फोनवर म्हणाला होता ‘कराराची तारीख टाका’ आणि माझ्यासमोर विसारपावती उघडी होती. कपाळावर हात मारून घेतला.

हिशेबनीस_काका

मग तुम्हाला माफी नको, दुरुस्ती हवी. ट्रेसेस या आयकर खात्याच्या टीडीएसच्या साइटवर पॅनने टॅक्सपेअर म्हणून नोंदणी करा. २६क्यूबीचा पोचपावती क्रमांक आणि चलानाचा तपशील हाताशी ठेवा. तिथे २६क्यूबीच्या दुरुस्तीची विनंती टाका, दोन्ही तारखा २१ ऑगस्ट करा आणि नेट बँकिंगवरून ई-व्हेरिफाय करा. ते जमलं नाही तर कागद घेऊन टीडीएसच्या अधिकाऱ्याकडे जावं लागेल. त्यासाठी रजिस्टर्ड करारातलं पेमेंटचं पान आणि बँकेचं स्टेटमेंट काढून ठेवा. तुमची खरी मुदत ३० सप्टेंबर होती, तुम्ही १४ लाच भरलंय.

आता न विचारलेलं सांगतो. टोकनच्या लाखावरचे एक हजार कुठे आहेत? किंमत ५० लाखांच्या वर, म्हणजे टोकनवरही टीडीएस लागतो. त्याचा वेगळा २६क्यूबी भरा. न कापल्याचं व्याज महिन्याला एक टक्का, म्हणजे शंभरेक रुपयांचा मामला. लेट फी लागलीच तरी ती टीडीएसच्या रकमेपेक्षा जास्त होत नाही, तेव्हा फार तर हजार. या वेळी तारीख मात्र पावती बघून नाही, बँकेचं पासबुक बघून टाका.

डोंबिवलीचा_माजी_भाडेकरू (९ फेब्रुवारी २०२४)

दुरुस्ती मंजूर झाली, सुधारित सूचना आली. लेट फी शून्य, व्याज शून्य. काका, ग्रॅनाइट तुमच्या नावाने बसवतोय. टोकनचे हजार मीच भरले. सावंतवाडीला फोन केला तर ते म्हणाले, ‘माझ्या पॅनवर जमा झाले ना? मग फॉर्म १६बी, ते टीडीएसचं सर्टिफिकेट, पाठवून दे.’ हजार परत द्यायचं नाव नाही.