मदत हवी आहे: मांजरीच्या स्वादुपिंडात गाठ, ऑपरेशन करावं का?

आमची ठमी, वय १२. गेल्या तीन महिन्यांत वजन ४.६ किलोवरून ३.७ वर आलंय. आधी वाटलं वय झालं, खाणं कमी होणारच. मग आठवड्यातून दोन-तीनदा उलटी सुरू झाली. वाडग्यापाशी जायचं, वास घ्यायचा आणि तोंड फिरवून परत यायचं. भूक आहे पण खाववत नाही, असं काहीतरी.

रक्तात किडनी, थायरॉइड ठीक आलं. सोनोग्राफीत स्वादुपिंडाच्या डाव्या भागात २.४ सेंटिमीटरची एकच गाठ दिसली. सुईने पेशी काढल्या, रिपोर्टमध्ये 'कार्सिनोमाची शंका' लिहिलंय. सर्जन म्हणाले आधी सीटी स्कॅन करू, काढता येईल असं वाटतंय, पण खरं काय ते पोट उघडल्यावरच कळेल. मी नुसती मान डोलावत बसले. विचारायचं ते सगळं गाडीत बसल्यावर आठवलं.

घरात दोन तट पडलेत. नवरा म्हणतो या वयात तिला कापाकापीत घालायचं नाही. मुलगी काही बोलतच नाही, ठमीला मांडीवर घेऊन बसते. कुणी या ऑपरेशनमधून गेलंय का? आणि पोटाखालचे केस गेलेत तिचे, त्याचा याच्याशी काही संबंध असेल का?

शेपूटवाला:
मी व्हेट आहे, पण ठमीला पाहिलेलं नाही, हे धरून वाचा.

आधी केसांचं बघा, ते महत्त्वाचं आहे. त्या जागेवरून बोट उलटं फिरवा. खुंट टोचतायत का? मग ती चाटून चाटून केस तोडतेय, पोट दुखत असलं की मांजरं असं करतात. पण कातडी गुळगुळीत, पॉलिश केल्यासारखी चकाकत असेल आणि आजूबाजूचे केस चिमटीत धरताच मुळासकट येत असतील, तर गोष्ट वेगळी. तसं टक्कल स्वादुपिंडाच्या किंवा पित्तनलिकेच्या कॅन्सरमध्ये दिसतं, आणि ते दिसतं तेव्हा रोग बहुतेकदा पसरलेला असतो. पायाच्या गाद्याही बघून घ्या.

आता गाठ. मांजराचं स्वादुपिंड दोन फांट्यांचं असतं. डावा फांटा जठराच्या मागून प्लीहेकडे जातो, उजवा लहान आतड्याच्या पहिल्या भागाला चिकटलेला. डाव्या फांट्याच्या टोकाला गाठ असेल तर रक्तवाहिन्या बांधून तेवढा तुकडा काढता येतो. उजवीकडे तसं नाही, कारण त्या फांट्याला आणि आतड्याला रक्त एकाच वाहिनीतून मिळतं. एकाला धक्का लागला की दुसरं धोक्यात. आणि मध्यावर, जिथे दोन्ही फांटे मिळतात, तिथे तर हात घालायला सर्जन कचरतात. बहुतेक मांजरांत स्वादुपिंडाची नळी पित्ताच्या नळीला मिळून एकाच तोंडाने आतड्यात उघडते, जास्तीची नळी पाचातल्या एखाद्याच मांजरात सापडते. ती वाट बंद झाली की पित्तही अडतं.

म्हणून सर्जनना पहिला प्रश्न हा विचारा: गाठ टोकाकडे आहे की मध्याकडे? 'डावा भाग' एवढ्यावर थांबू नका.

म्हाताऱ्या मांजरांत स्वादुपिंडावर बारीक बारीक निरुपद्रवी गाठी खूप वेळा असतात, पण त्या सहसा अनेक असतात आणि सेंटिमीटरच्या आत. एकच आणि दोनाच्या वर म्हटल्यावर मीही शंका घेतली असती. तरी सूज असलेल्या स्वादुपिंडाच्या पेशी सुईच्या नमुन्यात फसवू शकतात, नक्की निदान बायोप्सीवरच होतं.

गोधडी:
आमच्या बोक्याचं झालंय हे ऑपरेशन. गाठ डाव्या टोकाला होती. त्यानंतर तो ११ महिने जगला, त्यातले नऊ चांगले.

पण पहिले आठ दिवस कठीण होते. ऑपरेशननंतर उरलेलं स्वादुपिंड सुजतं, त्याने मळमळ, मग खाणं बंद. मांजराने खाणं सोडलं की थोड्याच दिवसांत यकृतात चरबी साठायला लागते, म्हणून आमच्या सर्जननी त्याच भुलीत मानेतून अन्ननलिकेत ट्यूब बसवून घेतली. तुम्हीही विचारून ठेवा. ट्यूब बघून मला रडू आलं होतं, नंतर तिनेच वाचवलं आम्हाला. पातळ केलेलं खाणं सिरिंजने अगदी सावकाश सोडायचं, आधी आणि नंतर कोमट पाणी. घाई केली की ओठ चाटायला लागायचा. ती खूण ओळखायला शिका, ते दिसलं की थांबायचं, नाहीतर सगळं बाहेर येतं.

तिसरा प्रहर:
आम्ही नाही केलं. सीटीत यकृतावर ठिपके दिसले, पोटात पाणी झालं होतं. वेदनेचं आणि उलटीचं औषध देऊन घरीच ठेवली. पाच आठवडे. त्यातल्या शेवटच्या आठवड्यात मी उशीर केला असं आजही वाटतं, बाकी निर्णयाबद्दल काही वाटत नाही.

दुपारचा चहा:
तोवर दुखत असेल तर पॅरासिटामॉलची पाव गोळी देऊन बघा, आमच्या कुत्र्याला चालायची.

शेपूटवाला:
अजिबात नको! मांजराला पॅरासिटामॉल म्हणजे विष, तिचं शरीर ते पचवूच शकत नाही. पाव गोळीनेही जीव जाऊ शकतो. ताई, दुखतंय असं वाटलं तर आज रात्रीच तुमच्या व्हेटना फोन करा, ब्युप्रेनॉर्फिनसारखी मांजरांना चालणारी औषधं आहेत.

दुपारचा चहा:
माफ करा, खरंच माहीत नव्हतं.

धागाकर्ती:
खुंट आहेत! टोचतात. कातडी चकाकत नाही, केस ओढून येत नाहीत. दुखतं म्हणून चाटत होती आणि मी तिला ओरडत होते.

ऑपरेशन केलं तर किती दिवस मिळतात, असा काही आकडा आहे का?

शेपूटवाला:
आहे, पण जपून वापरा. २०१३ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात ३४ मांजरं होती. निम्मी ९७ दिवसांच्या आत गेली. ज्यांना ऑपरेशन किंवा केमो मिळालं त्यांच्यात तो आकडा १६५, आणि पोटात पाणी असलेल्यांत ३०. नंतर ऑपरेशन झालेल्या फक्त नऊ मांजरांवर एक लेख आला, त्यात ३१६. हे सगळं ऑपरेशनमुळेच झालं असं मात्र म्हणता येत नाही. ज्यांची गाठ काढण्याजोगी होती तीच टेबलावर गेली, म्हणजे मुळात बऱ्या स्थितीतली.

सीटीत छातीही घ्यायला सांगा. रक्त गोठण्याची चाचणी, रक्तगट आधी करून ठेवा. शस्त्रक्रियेत यकृताचा आणि जवळच्या लसिकाग्रंथींचा तुकडाही तपासायला पाठवतात का, विचारा. नंतर काही दिवस साखर बघावी लागेल, काहींना मधुमेह होतो.

आणि एक गोष्ट लोक विचारत नाहीत. पोट उघडल्यावर सगळीकडे पसरलेलं दिसलं तर काय? भुलीतच जाऊ द्यायचं, की टाके घालून घरी आणायचं? सर्जन टेबलावरून फोन करतील, तुमच्या हातात दोन मिनिटं असतील. ते घरात आधीच बोलून ठेवा.

धागाकर्ती:
सीटी झालं. छाती स्वच्छ, यकृत स्वच्छ, पाणी नाही. गाठ टोकाकडे, मध्यापासून लांब.

शेवटच्या प्रश्नावर काल रात्री तिघं बसलो. नवरा म्हणाला, पसरलेलं असेल तर उठवायचं नाही. मी काही बोलायच्या आत मुलगी म्हणाली, मग जाण्याआधी मला तिला भेटू द्यायचं, मी तिथेच थांबणार. इतक्या दिवसांत तेवढंच बोलली. सर्जनना सांगितलं, त्यांनी फॉर्मवर लिहून घेतलं आणि मुलीला आत सोडू म्हणाले.

परवा सकाळी आठला नेतोय. ट्यूबलाही हो म्हटलंय. गोधडी, बोक्याच्या मानेच्या पट्टीखाली ओलसर व्हायचं का? दिवसातून किती वेळा बदलायचात?

गोधडी:
दोनदा. ओली झाली तर लगेच. जागा लाल दिसली, पू किंवा वास आला तर वाट न बघता फोन. आणि तिच्या पिंजऱ्यात तुमची वापरलेली, न धुतलेली ओढणी टाका.