चेकनाक्याच्या अलीकडे ७२ तास, पलीकडे किती? बेवारस गाड्यांना एकच नियम हवा

मुलुंडकर८४:
मुलुंड चेकनाका ओलांडला की मुंबई संपून ठाणं लागतं, रस्ता तोच, ट्रॅफिक तोच, पण धूळ खात पडलेल्या गाडीचं काय होणार ते बदलतं. मुंबईत महापालिका काचेवर नोटीस चिकटवते, ७२ तासांत हलवली नाही तर टो करून नेते, ३० दिवसांत कोणी सोडवायला आलं नाही तर गाडी भंगारात. पलीकडे मुदत किती, गाडी नेतात कुठे, दहा जणांना विचारा, दहा उत्तरं मिळतील. माझं म्हणणं एवढंच की मुंबई, ठाणे, मिरा-भाईंदर, नवी मुंबई सगळीकडे एकच मुदत लावा.

वागळे_इस्टेट:
नियम वेगळे आहेत हेच मुळात पटत नाही. मुंबईला १८८८ चा महापालिका कायदा, कलम ३१४. बाकी महापालिकांना १९४९ चा, कलम २३१. दोन्हींत रस्त्यात टाकलेली वस्तू नोटीस न देताही उचलायचा अधिकार आयुक्तांना आहे. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम १२७ अख्ख्या देशाला लागू, गाडी सार्वजनिक जागी १० तास सोडून दिलेली असेल तर पोलीस ती उचलायला लावू शकतात आणि खर्च मालकाच्या माथी. अधिकार भरपूर आहेत हो, अडतंय ते यार्डावर. उचललेली गाडी ठेवायला जागाच नसेल तर मुदत ७२ तास काय नि ७२ दिवस काय.

मुलुंडकर८४:
अधिकार सगळ्यांना आहे म्हणूनच तर बोलतोय, तो कधी वापरायचा हे ज्याने त्याने ठरवायचं म्हटल्यावर फरक पडणारच. आणि हद्दीवर दोन महापालिका, दोन पोलीस आयुक्तालयं, त्यामुळे गाडी चार हात पुढे ढकलली की तक्रार परत पहिल्यापासून.

रिक्षावाल्याचा_पुतण्या:
७२ तास फार कमी आहेत, माझा ठाम विरोध. काका आजारी म्हणून गावी होते आणि इकडे त्यांची रिक्षा उचलली (शहर सांगत नाही), परत आले तेव्हा दंड, टोइंग, यार्डाचं भाडं मिळून एवढं झालं की सोडवणं परवडेना. बरं नोटीस काचेवर, ती वाचणार कोण? सेकंडहँड गाड्यांची निम्मी कागदपत्रं अजून जुन्या मालकाच्या नावावर असतात, ट्रान्सफर कोणी करतच नाही, मग पत्र पाठवलं तरी भलत्याच्याच घरी जातं. आणि १५ वर्षांनंतर कारच्या रजिस्ट्रेशनचं रिन्यूअल ६०० रुपयांवरून ५००० वर गेलंय एप्रिल २०२२ पासून, ज्याला ते झेपत नाही तो गाडी तशीच सोडून देतो. महिनाभर तरी द्या, आणि रजिस्टर्ड मोबाइलवर मेसेज पाठवा.

आरोग्यसेविका_ताई:
महिना? पावसाळ्यात एकदा अशा गाडीजवळ जाऊन बघा. आमच्या गल्लीत एक आहे, चाकं काढून नेलेली, विटांवर उभी, मागची काच फुटलेली, डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी आणि त्यात अळ्या वळवळतायत. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडेपर्यंत साधारण आठवडा लागतो. म्हणजे तुमच्या महिन्यात डासांच्या तीन-चार खेपा निघाल्या. आजारी माणसाची गाडी शेजारीपाजारी, युनियनवाले कोणीतरी ओळखतंच, त्यांनी कळवलं तर सवलत द्या, पण मुदत सगळ्यांसाठी वाढवू नका.

रिक्षावाल्याचा_पुतण्या:
ताई, विटांवरची गाडी आज उचला, मी स्वतः ढकलायला येतो. पण चारही चाकं शाबूत, पासिंग चालू, इन्शुरन्स चालू, ती बेवारस कशी? आधी ही व्याख्या सगळीकडे एक करा, तासांचं नंतर बघू.

वागळे_इस्टेट:
हे मात्र पटलं. आणि नंबर प्लेट नसेल तर चासी नंबरवरून चोरीची आहे का ते पोलिसांनी बघितल्याशिवाय भंगारात जाऊच नये, नाहीतर ज्याची चोरीला गेली तो बसेल शोधत.

मुलुंडकर८४:
व्याख्या, मुदत, मेसेज, तिन्ही नगरविकास विभागाने सगळ्या महापालिकांना एकाच पत्रात कळवावं, त्यासाठी नवा कायदा लागत नाही. ७२ तासांवर मात्र मी अजून ठाम आहे.