तळातला संघ वर आला, तर श्रेय नेमकं कोणाचं?

पेडें_टर्फ: म्हापशाकडच्या हॉकीवाल्यांना प्रश्न. गेल्या हंगामात शेवटचा आलेला संघ यंदा तिसरा आला. मधल्या काळात कोच बदलला, दोन पोरं नवी आली, फिटनेसवाला पहिल्यांदाच नेमला. श्रेय ठरवायचं कशावरून? नुसते गोल मोजून भागेल?

उजवा_हाफ: नाही भागणार. आधी सुधारणा कुठे झाली ते शोधा. दोन्ही हंगामांची स्कोअरशीटं काढून चौथ्या क्वार्टरमध्ये खाल्लेले गोल आणि कार्डांमुळे कमी माणसांनी खेळलेली मिनिटं वेगळी लिहा. शेवटच्या १५ मिनिटांतले गोल घटले असतील, तर मोठा वाटा फिटनेसवाल्याचा आणि बेंचवरून बदल्या चालवणाऱ्याचा. फॉरवर्डला ६-७ मिनिटांनी बाहेर घेतलं नाही तर तो प्रेस करायला, म्हणजे चेंडूवाल्यावर दबाव टाकायला, धावतच नाही, आणि गोल झाला की शिव्या खातो गोली. हिरवं कार्ड म्हणजे २ मिनिटं बाहेर, पिवळं म्हणजे किमान ५. ही मिनिटं घटली असतील तर ती शिस्त बहुधा कोचची.

डी_च्या_आत: पेनल्टी कॉर्नरचं (बचावाच्या चुकीवर मिळणाऱ्या गोलच्या संधीचं) कौतुक एकटा फ्लिकर, म्हणजे शेवटी गोलवर मारणारा, घेऊन जातो, हे मला अजिबात पटत नाही. चेंडू गोलपोस्टपासून किमान १० मीटरवरून पुश होतो आणि सर्कलबाहेर (गोलसमोरच्या ‘डी’बाहेर) गेल्याशिवाय गोलवर मारता येत नाही. पुश हळू आला किंवा उसळला की तो अडवणाऱ्या स्टॉपरकडून सुटतो, तोवर समोरचा पहिला रनर, म्हणजे कॉर्नर रोखायला गोलकडून सर्वांत आधी धावणारा, अंगावर आलेला असतो. म्हणून ‘कॉर्नर वाया’ एवढंच लिहू नका. पुश चुकला, स्टॉप चुकला की फ्लिक अडली, असे तीन रकाने करा. टर्फ ओली होती की कोरडी तेही लिहा, कोरड्यावर चेंडू अडखळतो.

बचावातही तेच. पॅरिस ऑलिंपिकला २०२४ मध्ये हरमनप्रीतचे १० गोल सगळ्यांना पाठ आहेत. पण आपला पहिला रनर अमित रोहिदास ब्रिटनविरुद्ध १७व्या मिनिटाला लाल कार्डावर बाहेर गेला आणि जर्मनीविरुद्धच्या उपांत्य फेरीलाही त्याला मुकावं लागलं. ती २-३ने गेली. जर्मनीचा पहिला गोल? पेनल्टी कॉर्नरवरच.

पेडें_टर्फ: रकाने आजच आखतो. पण कोचचं काय? जुना गेला त्याच महिन्यात निकाल सुधारले.

सेंटर_लाइन: त्याच महिन्यात असेल तर नव्याला घाईने हार घालू नका, बाब. नवा कोच फळीची मांडणी आणि बदल्या लगेच बदलू शकतो. दमसास आणि स्टॉपिंगचा हात मात्र काही आठवड्यांच्या सरावाशिवाय येत नाही, ते बऱ्याचदा जुन्याच्या काळातलं असतं. भारताचंच बघा. २०२१ मध्ये टोकियोचं कांस्य ग्रॅहम रीडच्या हाताखाली आलं, २०२४चं क्रेग फुल्टनच्या. श्रीजेश, हरमनप्रीत, मनप्रीत दोन्हीकडे होते. सरावाची हजेरीवही तारखेनिशी स्कोअरशीटशेजारी ठेवा. आणि दोन नवी पोरं ज्या सामन्यांत नव्हती, ते सामने वेगळे काढून मोजा.